एकतिसाव्या मिनिटाची पिवळी रेघ

शरीररचनाशास्त्र शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. धक्का बसण्याचा अवयव माझ्यातून कधीच गळून पडला, असं मी गमतीनं सांगत असे. पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शन हॉलमध्ये चक्कर येऊन पडतात, त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं, हे मी चहा पिण्याइतक्या सहज करते. आणि अशी मी, त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, दीडशे मुलांसमोर हातातला माइक पाडून बसले आणि तो वाकून उचलायचंही मला सुचलं नाही. 

गोष्ट माझी नाही, आमच्या हॉलच्या अटेंडंटची आहे. पण तिच्यातली चूक माझी आहे, म्हणून सांगायलाही मलाच हवी.

त्यांना अख्खं कॉलेज हळूकाका म्हणतं. खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे वापरात नाही. उंची बेताची, अंगात राखाडी कोट, एका खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्यात घडी घातलेलं फडकं. हॉलच्या दाराशी त्यांचं एक तीन पायांचं स्टूल आहे, पण एकतीस वर्षांत त्यावर त्यांना टेकलेलं फारसं कुणी पाहिलं नाही. दान म्हणून आलेला देह उतरवून घ्यायचा, त्यात औषध भरायचं, हौदात ठेवायचा, वेळ आली की टेबलावर आणायचा, रोज संध्याकाळी ओल्या कापडात गुंडाळायचा, ही सगळी कामं त्यांची. आम्ही ‘बॉडी’ म्हणतो, काका ‘पाहुणे’ म्हणतात. प्रत्येक टेबलाखाली त्या पाहुण्याच्या नंबरचा झाकणाचा डबा असतो. मुलांनी काढलेला चरबीचा कणसुद्धा त्याच डब्यात गेला पाहिजे, कारण वर्ष संपल्यावर पाहुण्यांना निरोप द्यायचा तो सगळा मिळून, असा काकांचा दंडक. एका मुलानं एकदा आळस करून तुकडा शेजारच्या डब्यात टाकला, तर काकांनी पाऊण तास डबा उपसून तो शोधून काढला. तो मुलगा आज नावाजलेला सर्जन आहे आणि काका समोर आले की अजून आपोआप ताठ उभा राहतो.

‘हळू’ हा शब्द त्यांना चिकटला तो उगाच नाही. नवी मुलं स्काल्पेल धरतात ती पाव कापायला निघाल्यासारखी. काका मागून येतात आणि म्हणतात, “हळू, बाळा, हळू.” एखादं चुणचुणीत पोर उलटून विचारतं, की काका, यांना थोडंच दुखतंय? त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. “त्यांना नाही दुखत. पण तुझ्या हाताला सवय लागते ना.”

शाळा आठवीत सुटलेली. पण कुठली नस कुठल्या धमनीला ओलांडून जाते, हे त्यांना आमच्या निम्म्या लेक्चररांपेक्षा चांगलं कळतं. फक्त त्यांची भाषा वेगळी. स्नायूंना ते पदर म्हणतात, नसांना दोरे. ही भाषा त्यांनी घरातून आणलेली. काकू शिवणकाम करायच्या. कॉलेजातल्या मुलांचे एप्रन त्यांच्याच मशीनवर शिवले जायचे, माझेही. उरलेल्या कापडातून त्या पाहुण्यांच्या तोंडावर घालायचे चौकोन शिवायच्या. कापड सतत ओलं राहतं, दशा निघतात, म्हणून दुहेरी शिवण घालायच्या. काका त्यांचं नाव कधी घेत नसत, ‘बायको’ असंही म्हणत नसत. नुसतं ‘ही’. “हिनं पाठवलेत,” म्हणून कापडांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायचे. इतक्या वर्षांत आमच्या विभागात ‘ही’ म्हटलं की कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

एका वर्षी एप्रनांची घाई होती. माझीच घाई, मीच रोज निरोप पाठवून त्यांच्या मागे लागले होते. मशीनची सुई काकूंच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटातून, नखातून आरपार गेली. मी एप्रन न्यायला गेले तेव्हा बोटाला ही एवढी पट्टी. म्हणाल्या, “सुईला वाटलं मी पण कापडच.” पुढे नख आलं ते मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं. ते मी पाहिलं होतं. पुढे कितीदा तरी त्यांच्या हातचा चहा घेताना पाहिलं होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

देहदानाचा फॉर्म काकांच्या आधी काकूंनी भरला. मला म्हणाल्या होत्या, “यांच्या पाहुण्यांचे काय लाड असतात ते ऐकते मी रोज. घरी काही आपल्याला एवढं हळू कुणी वागवत नाही. मेल्यावर तरी लाड करून घेते.” काका बाजूला उभे राहून हसत होते. तीन वर्षांपूर्वी काकू मशीनवर बसल्या जागी गेल्या. हृदय थांबलं. चोपन्न वय.

आणि तिथे नियम आडवा आला. आपल्या विभागातल्या माणसाचं जवळचं कुणी असेल तर तो देह आपल्या हॉलमध्ये ठेवायचा नाही. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात पाठवायचा, त्यांच्याकडचा एक आपल्याकडे आणायचा. नियम शहाणा आहे. रोज आपल्या माणसाला टेबलावर पाहायची वेळ कुणावर येऊ नये. देहदानाचं काम माझ्याकडे, त्यामुळे हे काकांना मीच समजावलं. ते म्हणाले, “इथंच ठेवा ना. मी करीन सगळं.” मी म्हटलं, असं चालत नाही काका. ते दारापर्यंत गेले. मग विचारलं, “तिथं कुणी हळू म्हणायला आहे का?”

“हो,” मी म्हटलं. “आहेत, चांगली माणसं आहेत.”

तिथला हॉल मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बाहेरून, कॉन्फरन्सच्या जेवणाला जाता जाता. तिथे कोण आहे, कसं वागतं, मला काडीची माहिती नव्हती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. काकांनी मान हलवली आणि गाडीत हात देऊन काकूंना चढवलं. गाडीच्या ड्रायव्हरलाही सांगितलं, वळणावर हळू घे.

आता डिजिटल लेक्चरचं. ते खूळ माझं, आणि मला त्याची लाज नाही. दीडशे मुलं, सहा टेबलं. एका टेबलाभोवती पंचवीस डोकी. पुढच्या सहा जणांना नस दिसते, बाकीच्यांना पुढच्यांचे खांदे. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं मला वर्षाच्या शेवटी सांगितलं होतं, “मॅडम, मी या वर्षी फक्त पाठी शिकले.” तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागले. वरून कॅमेरा लावून केलेलं डिसेक्शन, मोठा पडदा, हवं तिथे थांबवता येतं, मोठं करता येतं, घरी जाऊन दहादा बघता येतं. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही थोरले सर म्हणतो, त्यांनी नाक मुरडलं. मी भांडले. शेवटी चार कॉलेजांनी मिळून ठरवलं, की प्रत्येकानं आपापली चांगली लेक्चरं बनवायची आणि एकमेकांना द्यायची.

मला वाटलं होतं काका रुसतील. उलट त्यांनीच कॉम्प्युटरचा ताबा घेतला. छप्पन्नाव्या वर्षी माउस शिकले. पहिले आठ दिवस तो असा धरायचे, की जोरात दाबला तर ओरडेल. पण मुलं कुठे अडकतात हे त्यांना एकतीस वर्षांचं पाठ. मी “थांबवा” म्हणायच्या आत चित्र थांबलेलं असायचं, नेमकं त्या जागी. मी विचारलं, “काका, कसं वाटतंय हे?” म्हणाले, “छान दिसतं. वास तेवढा येत नाही, म्हणून मुलं झोपतात.”

हाताचं लेक्चर त्या दुसऱ्या शहरातल्या कॉलेजकडून आलं. चार कॉलेजांच्या सगळ्या लेक्चरांत ते सर्वांत सुंदर. मी ते सहा वेळा पाहिलं, दीडपट वेगानं. काय पाहिलं? नसा पाहिल्या, धमन्यांची कमान पाहिली, बोटांकडे जाणारे दोरे मोजले. सुरुवातीचे दहा सेकंद, ज्यात हात नुसता टेबलावर पालथा ठेवलेला असतो आणि मग उताणा करतात, ते मी सहाही वेळा ओलांडून गेले. तिथे कापाकापी नसते, म्हणून बघण्यासारखं काही नसतं, असं आम्ही समजतो. आमचा धंदाच असा. कातडीखालचं बघायला शिकता शिकता कातडी बघायची राहून जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. एकतिसाव्या मिनिटाला चित्र किंचित हलतं. हाताखालचं कापड बदललेलं दिसतं. मुख्य नसेपासून अंगठ्याच्या स्नायूंकडे एक बारीक फांदी जाते, ती दाखवायची वेळ होते, आणि खऱ्या फांदीऐवजी पडद्यावर एक चमकदार पिवळी रेघ सरकत येते. कॉम्प्युटरनं काढलेली. मला लगेच कळलं होतं, की फांदी कापली गेली आहे आणि वरून रंगरंगोटी केली आहे. ती फांदी विद्यार्थी असताना मीसुद्धा कापली होती, सगळेच कधी ना कधी कापतात. मी अभिप्रायात लिहिलं, ‘पिवळी रेघ फार उपयुक्त.’

तर तो मंगळवार. दीडशे मुलं, पडदे ओढलेले, मी माइक घेऊन उभी, काका कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी. मी म्हटलं, आज आपण हात बघू. लेक्चर सुरू झालं. पालथा डावा हात पडद्यावर आला, भिंतभर मोठा. आणि तिसऱ्या सेकंदाला चित्र थांबलं.

मला वाटलं कळ चुकून दाबली गेली. “काका, पुढे,” मी म्हटलं. काही हललं नाही. “काका?” मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. काका उठले. हळूहळू चालत पडद्याजवळ गेले. त्यांची सावली त्या हातावर पडली. पहिल्या बोटाचं नख त्यांच्या डोक्याएवढं मोठं दिसत होतं, मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं. त्यांनी खिशातलं फडकं काढलं, आणि कशासाठी काढलं ते विसरून नुसतं धरून राहिले.

मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, म्हणाले, “मॅडम, हा हिचा हात आहे.”

माइक कधी पडला मला कळलं नाही. त्याचा धाडकन आवाज सगळ्या स्पीकरांमधून आला आणि मुलं दचकली.  मी नखाकडे बघत होते. चहाचा कप, पट्टी, सुईला वाटलं मी पण कापडच, सगळं एकदम समोर आलं आणि मला एकच विचार सुचत होता, की मी सहा वेळा पाहिलं. सहा वेळा. मुलांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली, तिच्यामागून सगळी उठली आणि कुणी काही न सांगता एकेक करून बाहेर गेली. काका तिथेच होते. पडदा बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी करू दिलं असतं असंही वाटत नाही.

मी त्या कॉलेजला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. पलीकडच्या बाईंनी रजिस्टर काढलं आणि वाचलं, सतरा नंबर, स्त्री, वय चोपन्न, डावा हात चित्रीकरणासाठी वापरला. फॉर्मवर चित्रीकरणाची ओळ होती, बारीक अक्षरात, आणि तिच्याखाली काकूंची सही होती. नियमानं कुणी चुकलं नव्हतं. देह दूर पाठवायचा हे नियमाला माहीत होतं. तो पडद्यावरून परत येऊ शकतो, हे नियम लिहिला तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि पडदा आणणारी मी, माझ्याही नव्हतं.

मी थोरल्या सरांना जाऊन सांगितलं. “आत्ताच्या आत्ता काढून टाका ते लेक्चर,” म्हणाले, “आणि काकांना पंधरा दिवस रजा द्या.” काका दारात उभे होते. म्हणाले, “रजा कशाला, सर? मी आजारी नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मला ते पूर्ण बघायचंय.”

“काका, कशाला?” मी म्हटलं.

“तीन वर्षं मनात तेच आहे. तिथं कसं वागवलं असेल हिला. आता बघायला मिळतंय तर बघतो.”

 एकतिसावं मिनिट.

दुपारी तीन वाजता आम्ही दोघं छोट्या डेमो रूममध्ये बसलो. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. आज माउस माझ्या हातात होता. माझं ठरलं होतं, तिसाव्या मिनिटाला बंद करायचं आणि म्हणायचं, पुढची फाइल खराब आहे. खोटं बोलायची मला लाज वाटली नाही. एक ‘हो’ मी आधीच बोलून बसले होते, त्याच्या शेजारी आणखी एक काय जड होतं.

काका पुढे झुकून बघत होते. हात उताणा झाला. पहिला छेद गेला.  “कातडं छान उचललंय,” काका म्हणाले. “घाई नाही.” हातमोज्यातली बोटं खरंच निवांत चालत होती. चरबी चिमट्यानं थोडी थोडी बाजूला होत होती. मधे एकदा कापणाऱ्यानं थांबून ओलं कापड मनगटावर घातलं, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पाहुणे परक्या घरी नीट राहिले असं कळल्यावर येतं तसलं. “बघा,” ते म्हणाले, “हळू चाललंय. तुम्ही म्हणाला होतात.”

“हो,” मी म्हटलं. 

अठ्ठावीस मिनिटं झाली. एकोणतीस. काका आता मागे टेकून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. तिसाव्या मिनिटाला मी चित्र थांबवलं. “इथपर्यंतच आहे, काका. पुढचं खराब झालंय.”

 काकांनी बोटानं पडद्याच्या खालची पट्टी दाखवली. “मॅडम, इथं बेचाळीस लिहिलंय. बारा मिनिटं आहेत अजून.”

ती पट्टी वाचायला त्यांना मीच शिकवलं होतं. मी पुढे लावलं.

चित्र हललं. कापड बदललं. पिवळी रेघ आली, सुरेख वळण घेऊन अंगठ्याकडे गेली. रेकॉर्ड केलेला मऊ आवाज म्हणाला, इथून अंगठ्याच्या स्नायूंना फांदी जाते.

“परत,” काका म्हणाले.

मी मागे घेतलं. ते उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले. पुन्हा रेघ आली.

“परत.”

तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्यांनी विचारलं, “रेघ कशाला काढलीय?”

“मुलांना नीट दिसावं म्हणून.”

“रेघेखाली काय आहे?”

बाहेर सायकलवाला कधीच गेला होता. मी म्हटलं, “काही नाही, काका.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो. पण कुणाचा हात आहे ते माहीत नव्हतं.”

बोलून गेले आणि माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं. कुणाचा हात ते माहीत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा असता तर चाललं असतं. ज्याला कुणीही ओळखत नाही अशा पाहुण्याचा असता तर पिवळी रेघ फार उपयुक्त. एकतीस वर्षं जो माणूस अनोळखी देहाचा चरबीचा कण चुकीच्या डब्यात जाऊ देत नाही, त्याच्यासमोर मी हे बोलले होते.   काका ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

उरलेली अकरा मिनिटं त्यांनी उभ्यानंच पाहिली. संपल्यावर म्हणाले, “गुरुवारी मुलांना हे दाखवायचं. हाताचा पाठ राहिलाय त्यांचा.”

थोरले सर ऐकेनात. “मुलांपुढे असलं नाटक नको,” म्हणाले. माझा तोल गेला. “नाटक आपण केलंय, सर,” मी म्हटलं, “रेघ काढून. ते फक्त पडदा बाजूला करतायत.”  सर म्हणाले, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, ती आधीपासूनच माझी आहे.

गुरुवारी हॉल भरलेला होता. हजेरीत कधी न दिसणारी मुलंही आली होती. काका कॉम्प्युटरपाशी बसले. तो चिरलेल्या नखाचा हात पडद्यावर आला तेव्हा एकाही मोबाइलचा दिवा लागला नाही. काकांनी तो दहा सेकंद तसाच चालू दिला. मग मी शिकवलं. कसं शिकवलं ते विचारू नका, तोंड आपलं काम करत होतं. एकतिसाव्या मिनिटाला रेघ आली आणि चित्र थांबलं.

काका उठून उभे राहिले. लेक्चर हॉलमध्ये ते कधीही बोललेले नाहीत. माइकची त्यांना गरज पडली नाही.

“काय दिसतं?” त्यांनी विचारलं.

“रेघ,” पहिल्या रांगेतली तीच मुलगी म्हणाली.

“रेघेखाली?”

मुलं पुढे झुकली. कुणाला काही दिसेना. काकांनी चित्र मागे घेतलं, पुढे आणलं, पुन्हा मागे घेतलं, ते कापड बदलतं ती जागा दाखवली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, “तिथं काहीच नाहीये.”

“नाहीये,” काका म्हणाले. “होतं. इथं एक दोरा असतो, बारीक, पांढरा. अंगठ्याकडे जातो. हा तुटला तर माणसाला सुई धरता येत नाही.” ते थांबले. फडकं खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं. “तीस मिनिटं फार चांगलं केलंय त्यांनी. इथं घाई झाली, आणि मग वरून रेघ काढली. हिला दुखलं नाही. पण त्या हाताला सवय लागली असेल. चुकलं की रेघ काढायची. तो हात आता कुठंतरी जिवंत माणसावर चालत असेल.”

 मी अभिप्रायात लिहिलेली ती ओळ मला आठवली आणि मला कळलं, की तो हात माझाही आहे. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “चला, मॅडम,” म्हणाले, “पुढे.”

तास संपल्यावर मुलं गेली. आम्ही दोघं सामान आवरायला लागलो. काका प्रोजेक्टरवर झाकण घालत होते, मी वायर गुंडाळत होते, पटापट, काहीतरी करायला हवं म्हणून. शेवटी मी म्हटलं, “काका, तेव्हा मी ‘हो’ म्हणाले, ते कुणाला न विचारता म्हणाले.”

“माहीत आहे.”

मी वळून पाहिलं. “तेव्हाच कळलं होतं?”

“फार लवकर ‘हो’ म्हणालात तुम्ही,” काका म्हणाले. “पण त्या ‘हो’वर मी तीन वर्षं झोपलो, मॅडम. आता बघू.”

 हातातली वायर मी नुसतीच ओढत राहिले.

“हळू गुंडाळा,” ते म्हणाले. “ती आतून तुटते.”

मी सगळी वायर सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.